शेपटाकडचे पाणी

आमच्या घरी दिवाळीच्या अनारशांना गूळ लागतो तो मामांच्या गुऱ्हाळातला. दरवर्षी एक ढेप फडक्यात बांधून येते, आणि आई ती फोडताना न चुकता म्हणते, "गूळ गोडच आहे हो माझ्या भावाचा, पण त्यातलं पाणी आपलं आहे."

लहानपणी मला हे कोडे वाटे. पुढे उलगडा झाला. मामांचे गाव आणि आमचे गाव एकाच कालव्यावर आहे. मामांचे तोंडाशी, आमचे शेपटाला. मध्ये बारा मैलांचे अंतर. मामांच्या शिवारात बारमाही ऊस. आमच्या शिवारात पाऊस झाला तर बाजरी, नाही तर धसकटे. कालवा मात्र दोन्ही गावांना सारखाच दिलेला आहे, निदान नकाशावर तरी.

मी मराठीचा मास्तर. वृत्ते आणि अलंकार शिकवणाऱ्याने पाटबंधाऱ्यांच्या कारभारावर लिहावे, हे जरा अधिकच धाडसाचे. तथापि आमचे आप्पा २००३ साली वारले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मला एक जुडगा सापडला, आणि तेव्हापासून या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही. जुडगा होता पाणी-अर्जांच्या स्थळप्रतींचा. पाटाचे पाणी हवे असेल त्याने दर हंगामाला 'नमुना नंबर सात'चा अर्ज भरायचा असतो: गट नंबर अमुक, पीक अमुक, क्षेत्र अमुक. आप्पांनी तो सत्तावीस वर्षे भरला. प्रत्येक प्रतीच्या मागे त्यांच्या बारीक अक्षरात एक शब्द लिहिलेला होता. चार प्रतींवर 'आले'. बाकीच्यांवर 'नाही'.

एका प्रतीवर दोन ओळी होत्या. त्या वर्षी पाणी आले नव्हते, पण पाणीपट्टीची नोटीस आली होती. विहिरीच्या पाण्यावर उभा असलेला गहू कोणी मोजणीदाराने कालव्याच्या खाती मांडला होता. आप्पांनी तीन हेलपाटे घातले आणि शेवटी पैसे भरून टाकले.

दोष कोणाचा?

हा दोष एखाद्या पाटकऱ्याचा किंवा साहेबाचा म्हणून सोडून देता आला असता, तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माणसे बदलली, बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. शेपूट कोरडे ते कोरडेच. तेव्हा मूळ व्यवस्थेत शोधले पाहिजे.

दख्खनच्या पठारावरचे मोठे कालवे इंग्रजी अमदानीतले. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला जाग आली. १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. हेतू दुष्काळनिवारणाचा. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाटाकडे फिरकत नसे, आणि पाऊस हुकला की सगळेच एकदम धावत. सरकारला पाणीपट्टीचे भरवशाचे उत्पन्न हवे होते, आणि ते उसातून मिळे. उसाचे मळे कालव्याच्या तोंडाशी फोफावले, शेपटाकडच्या ज्वारीच्या वाट्याला उरलेसुरले आले. वर अतिपाण्याने नीरेकाठच्या जमिनी पाणथळ होऊन खारावू लागल्या. पाणी कमी पडून एकाची जमीन वाया गेली, जास्त होऊन दुसऱ्याची गेली, आणि दोघेही एकाच कालव्यावरचे!

पुढे नावारूपास आलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. पाणी थोड्या ठिकाणी मुरू न देता गावोगावच्या ठरावीक तुकड्यांत वाटावे, प्रत्येक तुकड्याच्या काही भागातच ऊस असावा आणि उरलेल्यात भुसार, अशी 'ब्लॉक' पद्धत त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर आणली. पाण्याचा आणि जमिनीचा विचार एकत्र केला पाहिजे, हे त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर धरणे झपाट्याने झाली. १९६२ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्राच्या पहिल्या सिंचन आयोगाचा अहवाल आला. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ साली इंदिराबाईंच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. तोवर दिल्लीकरांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. धरणात पाणी आहे, कालव्यात पाणी आहे, पण शेतात नाही! अभियंता कालवा खणून मोकळा होतो. शेतचाऱ्या कोणी काढायच्या, जमीन सपाट कोणी करायची, निचऱ्याचे चर कोणी खोदायचे, हे कोणाच्याच खात्यात बसत नाही. म्हणून १९७४-७५ पासून लाभक्षेत्र विकासाचा कार्यक्रम सुरू झाला. अभियंता, शेतकी अधिकारी, सहकार खात्याचा माणूस या सर्वांना एका प्रशासकाच्या हाताखाली आणून लाभक्षेत्र विकास प्राधिकरणे उभी राहिली. पाणी आणि जमीन एका छत्राखाली आली. १९८० साली औरंगाबादेला (आता छत्रपती संभाजीनगर) जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडची 'वाल्मी', निघाली आणि शिक्षणाचीही सोय झाली.

कागदावर काहीच उणे नव्हते. शेतचाऱ्या निघाल्या. शेजपाळीचे तक्ते झाले: कोणाला कोणत्या वारी, किती तास पाणी. आमच्या चावडीवर तो तक्ता लावलेला मला आठवतो. आप्पांची पाळी मंगळवारी रात्री होती. ते कंदील आणि खोरे घेऊन दारे धरायला जात आणि पहाटे कोरड्या चारीतून चालत परत येत.

छत्र एक झाले, पण छत्राखाली शेतकरी कोठे होता? तो अर्जदार होता. अर्ज करणे आणि वाट पाहणे, एवढेच त्याचे काम. पाणी मोजून मिळत नसे. पट्टी पिकाच्या क्षेत्रावर. एका हेक्टर उसाला पाणी दहा वेळा दिले काय किंवा चौदा वेळा दिले काय, आकार तोच. मग तोंडाशी असलेला बागायतदार हात आखडता का घेईल? ज्या मालाला माप नाही, त्याची चोरीही सिद्ध होत नाही. खात्याच्या नियमांची कथा तर याहून गमतीची. १९७६ साली राज्याने नवा पाटबंधारे कायदा केला. पण त्याचे स्वतःचे नियम कित्येक दशके झाले नाहीत, आणि कारभार १९३४ च्या मुंबई कालवे नियमांवर चालत राहिला. नव्या सुनेने आजेसासूच्या किल्ल्या कमरेला लावून संसार करावा, तसे हे झाले.

२०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राचे प्रमाण दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचे छापून आले आणि गहजब झाला. सरकारने २०१२ सालीच श्वेतपत्रिका काढून निराळे आकडे मांडले. राजकारणाचा तो भाग मी सोडून देतो. कोणाचे गणित खरे, हे ठरवायला मोजलेले पाणी लागते, आणि आमच्याकडे मोजमापाचीच वानवा, एवढे मात्र त्या वादातून सर्वांना कळले.

फडाची शिकवण

वास्तविक आपल्याकडे याहून शहाणी रीत होती. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून 'फड' पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सर्वांचे पीक एक. प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत. त्यामुळे उसाचा फायदा व्हायचा तर सर्वांना, आणि पाणी कमी म्हणून एखादा फड पडीक टाकायचा तर झळही सर्वांना. पाटकरी आणि जागल्या गावाने नेमायचे, त्यांचे वेतन गावाने द्यायचे. वर्षातून एकदा सगळ्यांनी खोरी घेऊन पाटातला गाळ काढायचा. साहेब नाही, नमुना नंबर सात नाही.

हे सारे आता मागे जाऊन जसेच्या तसे आणता येणार नाही, हे खरे. मोठ्या धरणाचा कालवा म्हणजे गावचा पाट नव्हे. पण फडातले तत्त्व मोठ्या धरणावर चालते का, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्याने दिले.

वाघाडचा धडा

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड नावाचे मध्यम धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. ओझरची कथा आमच्या गावासारखीच होती. नकाशावर बागायत, शिवारात जिराईत. तेथे 'समाज परिवर्तन केंद्र' या संस्थेचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले. त्यांची मागणी साधी होती. आम्हांला एकेकट्याला पाणी देऊ नका. आमच्या संस्थेला आमच्या हिश्शाचे पाणी मोजून द्या. आत कसे वाटायचे ते आम्ही पाहू, आणि पट्टी आम्ही एकरकमी भरू. १९९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणीवापर संस्था तेथे काम करू लागल्या.

त्यांनी आणखी एक युक्ती केली. हिश्शाचे काही पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडले. ते मुरले आणि विहिरी जिवंत झाल्या. पाटाचे पाणी आणि विहिरीचे पाणी हा एकच ठेवा आहे, हे कागदावर न मांडता जमिनीत मांडून दाखवले. शेपटाला द्राक्षाचे मळे उभे राहिले तेव्हा वरच्या गावांना प्रश्न पडला, की यांना जमते ते आपल्याला का नाही? एकामागून एक संस्था निघत गेल्या, चोवीस झाल्या. २००३ साली त्या सर्वांची मिळून प्रकल्पाची संस्था झाली आणि आख्ख्या धरणाखालचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले.

खाते त्यामुळे नाहीसे झाले काय? मुळीच नाही. धरण, त्याचे दरवाजे, मुख्य कालवा हे खात्याकडेच राहिले. बदलली ती त्याची भूमिका. पूर्वी ते किरकोळ दुकानदार होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला पुडी बांधून द्यायचे, आणि ज्याचा हात लांब त्याला आधी. आता ते घाऊक व्यापारी झाले. पोते मोजून संस्थेच्या दाराशी टाकायचे आणि पैसे घ्यायचे. पोत्यातल्या दाण्यांचा हिशेब संस्था पाहील.

२००५ साली महाराष्ट्राने याच अनुभवांवरून शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही. पाणी घनमापाने द्यायचे. मिळालेल्या पाण्यात कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे. कालवा ताब्यात देण्यापूर्वी खात्याने आणि संस्थेने मिळून पाहणी करून दुरुस्त्या करायच्या. संचालक मंडळात तोंड, मध्य आणि शेपूट यांना सारख्या जागा. स्त्रियांना राखीव जागा. आणि अध्यक्षपद पाळीपाळीने, सुरुवात शेपटापासून! कायद्याची भाषा रुक्ष असते असे आम्ही मराठीचे मास्तर म्हणतो. पण हे शेवटचे कलम वाचले तेव्हा मला आप्पांची आठवण येऊन भरून आले.

बारा मैलांची फेरी

आमच्या चारीवर संस्था झाली ती २००८ साली. पहिली अध्यक्षपदाची पाळी शेपटाची, म्हणून माझ्या थोरल्या चुलतभावाला, दादाला, गळ घातली गेली. माझी जमीन तोच कसतो. पहिल्या रब्बीच्या आवर्तनाला त्याने मला फोन केला. "मास्तर, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे. दोन दिवस रजा काढून ये."

पाणी शेपटाकडून तोंडाकडे द्यायचे ठरले होते. म्हणजे आधी आम्ही भिजवायचे, मग वरच्यांनी. त्यासाठी वाटेतली सगळी दारे बंद हवीत, आणि कालव्यातले डोंगळे बाहेर हवेत. डोंगळा म्हणजे कालव्याच्या भिंतीवरून वाकवून टाकलेला पाइप. मुकाट्याने पाणी ओढतो. दादा, मी आणि दोन पोरे विजेऱ्या घेऊन शेपटाकडून निघालो. पहिल्या सात मैलांत अकरा डोंगळे निघाले. बारावा मामांचा होता, आणि मामा त्याच्या शेजारी घोंगडी पांघरून बसले होते.

दादा गप्प झाला. आता बोलणे मला भाग होते. मी वाकून नमस्कार केला.

"मामा, एवढ्या थंडीत?"

"तुम्ही येणार म्हणून कळलं होतं. म्हटलं, भाच्यानं रात्री चोरासारखा पाइप उचलू नये. समोर उचलावा."

"मामा, तुमची पाळी जाणार नाही. तुमच्या क्षेत्राचा हिस्सा तुम्हांला मोजून मिळेल."

"हिस्सा," मामा म्हणाले, "माझ्या उसाला पुरायचा नाही तो. तुलाही ठाऊक आहे. अर्धा ऊस मोडावा लागेल मला. तुझ्या आप्पांच्या वाट्याचं पाणी मी पीत होतो, हे मला कोणी सांगायला नको. पण तीस वर्षं कोणी विचारलं नाही, आणि त्या पाण्याच्या भरवशावर मी सोसायटीचं कर्ज काढलं. ते कर्ज कोण मोजून घेणार?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. सुधारणा म्हटली की आपण शहरातले लोक टाळ्या वाजवतो. पण जेथे एकाला न्याय्य हिस्सा मिळतो तेथे दुसऱ्याच्या हातचे काहीतरी सुटते, आणि तो दुसरा पुष्कळदा आपलाच मामा असतो.

थोड्या वेळाने मामांनीच डोंगळा ओढून बाहेर काढला. "एक ध्यानात ठेवा," ते दादाला म्हणाले, "साहेबांनी संस्थेला पाणी मापानं दिलं तर मी मापानं घेईन. त्यांनी मापात पाप केलं, की हा परत आत जाईल."

चौथ्या रात्री पाणी आमच्या बांधावर आले. दादाने दार उघडले. पाण्यात आधी काटक्या आल्या, पाला आला, एक तुटकी चप्पल आली, आणि मग ते लाल गढूळ पाणी सऱ्यांतून पसरत गेले. आई घरून चहाची किटली घेऊन आली होती. ती काही बोलली नाही. नुसती बांधावर बसून राहिली.

पुढे काय झाले

येथे गोष्ट संपवता आली असती तर बरे झाले असते. परंतु वाचकांना अर्धेच सांगणे बरोबर नाही.

पुढल्या काही वर्षांत मापात पाप झालेच. पाऊस कमी झाला की ठरल्यापेक्षा कमी पाणी सुटे, आणि ते का कमी सुटले हे संस्थेला वेळेवर कळत नसे. दुरुस्त्यांचे आश्वासन अर्धेच पुरे झाले. एका वर्षी मामांच्या गावचे डोंगळे खरोखरच परत आत गेले. पण संस्था मोडली नाही. दादाने प्रवाहाच्या पट्टीवरचे आकडे रोज वहीत लिहायला सुरुवात केली होती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ती वही घेऊन तोंड, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांतले लोक कचेरीत गेले. मामाही गेले. 'पाणी सोडले होते' या वाक्याला पूर्वी कोणी प्रतिप्रश्न करू शकत नसे. आता वही बोलत होती. पुढच्या आवर्तनात तूट भरून मिळाली.

राज्यात पुष्कळ संस्था केवळ कागदावर आहेत, हेही खरे. जेथे कालवा फुटका, मोजणीची सोय नाही आणि अधिकाऱ्याला अधिकार सोडवत नाही, तेथे संस्थेची पाटी गंजून जाते. शेतकऱ्याच्या गळ्यात जबाबदारी अडकवली आणि पाणी दिले नाही, तर त्याला सुधारणा कोण म्हणेल?

आणि आपण? मी पुण्यात राहतो. नळ उघडला की खडकवासल्याचे पाणी येते. त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरकडच्या कालव्याचा डोळा असतो. आमच्या गृहनिर्माण सोसायटीत वरच्या मजल्याला पाणी चढत नाही म्हणून दर उन्हाळ्यात भांडण होते, आणि सर्वसाधारण सभेला मात्र कोरम भरत नाही. सभेला न जाणाऱ्यांत मी आहेच. गावच्या पाणीवापर संस्थेच्या सभेलाही मी कित्येक वर्षे गेलो नव्हतो. सातबाऱ्यावर नाव लावून शहरात बसलेले माझ्यासारखे खातेदार आमच्या चारीवर बरेच आहेत. आमच्यामुळे सभा तहकूब होतात. मग ठराव होत नाहीत, आणि ठराव झाले नाहीत की गाळ निघत नाही. खात्याला नावे ठेवताना हे मला सोयिस्करपणे आठवत नसे.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत दादा म्हणाला, "तुला पाणी आणून देतो, पीक काढून देतो. वर्षातून एक सही नि दोन तास तुझे. तेवढं नाही जमत?" मी सभेला गेलो. वरच्या गावच्या देवळात सभा होती. अध्यक्षपद आता तोंडाकडे होते, आणि खुर्चीवर मामांची थोरली सून बसली होती. तिने वही उघडून आवर्तनाचे आकडे वाचले. शेवटून तिसरा आकडा आमच्या बांधाचा होता.

यंदाचीही ढेप आली आहे. मामांचा ऊस आता पूर्वीच्या निम्मा, म्हणून ढेपही लहान आहे. आईने ती फोडली, जिभेवर एक खडा ठेवला आणि नेहमीचे वाक्य म्हणायला तोंड उघडले. मग थांबली, आणि म्हणाली, "सभा कधी आहे रे यंदा? या वेळी मलाही घेऊन चल."